गल्लीतला कोंडाळा कायमचा हटवायचा तर

सांगली, मिरज किंवा कुपवाडमधल्या कुठल्याही जुन्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन बघा. महापालिकेने कोंडाळा उचलून नेला, तरी त्याची जागा शिल्लक असते. विजेच्या खांबापाशी, बंद घराच्या भिंतीला लागून, गटारीच्या वळणावर. सकाळी कामगार ती जागा साफ करून जातात आणि दुपारपर्यंत तिथे पुन्हा चार पिशव्या पडतात. ‘लोकांना शिस्तच नाही’ असे म्हणून विषय तिथेच सोडला जातो. पण त्याच लोकांची अंगणे रोज झाडलेली असतात, दारात रांगोळी असते. घरातला कचरा रस्त्यावर येतो तो बहुतेक वेळा घर आणि घंटागाडी यांच्यामधल्या फटीतून. गाडी साडेनऊला येते, तोवर घरातली सगळी माणसे कामावर गेलेली असतात. गाडीची वेळ रोज बदलते. वरच्या मजल्यावर घंटा ऐकू येत नाही. ही फट आधी बुजवायची आणि मग लोकांशी बोलायचे, असा क्रम ठेवा. आधी फेरी, फलक आणि शपथ, मग व्यवस्था, अशी उलटी सुरुवात केली तर पंधरा दिवसांत सगळे जिथल्या तिथे येते.

आपल्या भागात हे होत नाही, असे कोणी म्हणू नये. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये २०२० साली कराड आणि २०२१ साली विटा देशात पहिले आले. दोन्ही गावे आपल्यासारखीच आहेत, माणसेही आपल्यासारखीच.

पुढचे सगळे मोजमाप ४० ते ६० घरांच्या एका गल्लीसाठी किंवा एका अपार्टमेंटसाठी आहे. पूर्ण प्रभाग एकदम हातात घेऊ नका. या कामात एकाच दारावर पाच-सहा वेळा जावे लागते आणि चार-पाच कार्यकर्त्यांना साठाच्या वर घरे झेपत नाहीत. एक गल्ली तीन महिन्यांत घडी बसून चालायला लागली, की शेजारची गल्ली स्वतःहून विचारायला येते.

पहिले सात दिवस: फक्त बघायचे

या आठवड्यात कोणाला काही सांगायचे नाही. एक वही घ्या आणि चार रकाने आखा: वेळ, काय पडले, कोणी टाकले, कसे टाकले. ‘कोणी’ या रकान्यात नाव लिहायचे नाही, प्रकार लिहायचा: घरमालक, भाडेकरू, दुकान, हातगाडी, वाटसरू, दुचाकीवरून जाणारा. पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि रात्री साडेनऊ ते साडेअकरा या दोन वेळा आलटून पालटून सांभाळा. पिशव्या टाकल्या जातात त्या मुख्यतः याच वेळांत.

त्याच आठवड्यात घंटागाडी रोज नेमकी किती वाजता आली, किती मिनिटे थांबली आणि घंटा किंवा गाणे शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेले का, हेही टिपा. एकदा रस्त्याचा शंभर मीटरचा तुकडा घेऊन तिथे पडलेल्या वस्तू मोजा. चहाचे कागदी कप, पुड्यांची वेष्टणे, पाण्याच्या बाटल्या, भाजीचा पाला आणि घरगुती पिशव्या वेगवेगळ्या मोजायच्या. पडलेल्या वस्तूंत बहुतांश कप आणि पुड्या निघाल्या, तर घरोघर प्रबोधन करून काही होणार नाही. तिथे टपरी आणि हातगाडीपाशी काम आहे. पिशव्या जास्त निघाल्या तर काम गाडीच्या वेळेवर आणि घरांमध्ये आहे. ही मोजणी टाळून सुरुवात केलेल्या मोहिमेचा बराच जोर भलत्याच माणसांवर खर्च होतो.

आठवड्याच्या शेवटी दोन-तीन दिवस गल्लीचा पूर्ण कचरा हुकाच्या काट्यावर तोलून घ्या. पन्नास किलोचा साधा काटा पुरतो. हा आकडा जपून ठेवा. तीन महिन्यांनी तुलनेला दुसरे काही हाताशी नसते.

गाडी आधी नीट करा

लोकांनी आठवडाभर ओला-सुका वेगळा केला आणि गाडीवाल्याने डोळ्यांसमोर दोन्ही एकाच कप्प्यात ओतला, तर त्या घराचा विश्वास त्याच दिवशी संपतो. तो परत मिळवायला महिने लागतात. त्यामुळे एकाही दारावर जाण्याआधी प्रभागाचे स्वच्छता निरीक्षक, मुकादम आणि त्या गाडीचे चालक-कामगार यांच्याशी एकत्र बसून बोला. चार गोष्टी ठरल्या पाहिजेत.

पहिली, वेळ. गल्लीत गाडी येण्याची वेळ पंधरा मिनिटांच्या आत पक्की हवी. ‘सकाळी’ म्हणजे वेळ नव्हे. ‘सव्वासात ते साडेसात’ ही वेळ झाली. गल्लीतली माणसे कामावर साडेआठला निघत असतील आणि गाडी नऊला येत असेल, तर फेरीचा क्रम उलटा करता येतो का, हे विचारा. बऱ्याचदा एवढे एकच पुरते.

दुसरी, कप्पे. गाडीत ओल्या-सुक्याचे विभाजन आहे ना, मधला पत्रा शाबूत आहे ना, हे स्वतः डोकावून बघा. सुका कचरा वजनाला हलका पण आकाराने मोठा असतो. त्याचा कप्पा अर्ध्या फेरीतच भरतो आणि मग कामगार नाइलाजाने मिसळतात. यावर उपाय म्हणजे ओला रोज आणि सुका आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. कोरडा कचरा घरात तीन दिवस राहिला तरी वास येत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर मात्र रोजच घ्यावे लागतात. त्यासाठी गाडीला बाजूने एक झाकणाची बादली अडकवून घ्या.

तिसरी गोष्ट म्हणजे मिसळलेल्या कचऱ्याचे काय करायचे. कामगाराने तो नाकारायचा असेल तर तसे वरून स्पष्ट सांगितलेले असले पाहिजे. नाहीतर दारातला वाद त्याच्या अंगावर येतो. पहिले दोन आठवडे नाकारू नका, घ्या आणि डब्याला पिवळी चिठ्ठी लावा. तिसऱ्या आठवड्यापासून ओला घ्यायचा, मिसळलेला परत द्यायचा.

चौथी, हातमोजे आणि बूट. कामगारांकडे ते नसतील तर गल्लीने वर्गणीतून द्यावेत. फुटकी काच आणि ब्लेड ज्यांच्या हातांत घुसतात, ती माणसे या साखळीत सर्वांत महत्त्वाची आहेत. त्यांना नावाने हाक मारणारी गल्ली कचराही नीट देते.

जागा बंद करणे

कोंडाळ्याची जागा एका दिवसात साफ करायची आणि त्याच दिवशी तिचे रूप बदलायचे. नुसती साफ केलेली जागा रात्री पुन्हा भरते. क्रम असा: पहाटे कचरा उचलणे, राडारोडा आणि माती खरवडून काढणे (राडारोडा शिल्लक राहिला की तो कचऱ्याला बोलावतो), पाणी मारणे, भिंतीला चुना, जमिनीवर चुन्याची फक्की. दुपारी चार-पाच जड कुंड्या किंवा सिमेंटचा बाक. प्लास्टिकच्या हलक्या कुंड्या दोन दिवसांत गायब होतात. संध्याकाळी रांगोळी आणि डोक्यावर दिवा. खांबावरचा दिवा बंद असेल तर तो आधी लावून घ्या, कारण रात्रीच्या पिशव्या अंधारात पडतात.

भिंतीवर देवाच्या तसबिरीच्या फरश्या लावण्याची पद्धत सर्रास आहे. ती टाळावी. कचरा दहा फूट पुढे सरकतो आणि फरशीपाशी नारळ-फुले साचतात ती वेगळीच.

मग २१ दिवस पाळत. वहीत टिपलेल्या त्या दोन वेळांना दोन माणसे तिथे थांबतील असे पाळीपत्रक लावा. थांबणाऱ्यांनी भांडायचे नाही. पिशवी घेऊन आलेल्या माणसाला गाडीची वेळ सांगायची आणि अडचण विचारायची. इथेच खरी माहिती हाती येते. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा भाडेकरू, एकट्या राहणाऱ्या आजी ज्यांना तीन जिने उतरवत नाही, शहराबाहेरून पिशवी गाडीला अडकवून आणणारा दुचाकीस्वार. पहिल्यासाठी शेजाऱ्याकडे डबा ठेवण्याची सोय, दुसऱ्यासाठी दोरीची टोपली किंवा खालच्या घराची मदत, असे प्रत्येकाचे वेगळे उत्तर काढावे लागते. २१ दिवसांत एकदाही खंड पडला आणि सकाळी ढीग दिसला, तर साडेसातच्या आत तो उचलला गेलाच पाहिजे. पडलेली एक पिशवी पुढच्या दहा पिशव्यांना परवाना देते.

फलकाविषयी. ‘येथे कचरा टाकू नये, दंड होईल’ हा फलक आणि त्याच्या पायथ्याशी ढीग, हे दृश्य बघणाऱ्याला एवढेच सांगते की इथे सगळे टाकतात आणि काही होत नाही. त्याऐवजी लिहा: ‘घंटागाडी या ठिकाणी रोज सकाळी ७.१५ वाजता. सुका कचरा बुधवार आणि शनिवार.’ खाली खडूने बदलता येईल अशी एक ओळ ठेवा: ‘काल ४८ पैकी ३१ घरांनी वेगळा कचरा दिला.’ आकडा खरा असू द्या. तो फुगवला तर ज्यांनी दिला नाही, त्यांना ते लगेच कळते. आणि न देणाऱ्यांची नावे फळ्यावर कधीही लिहू नका. नाव लिहिलेले घर पुढची वीस वर्षे तुमच्या विरोधात असते.

दारावर काय बोलायचे

दोघांनी जायचे, त्यातला एक त्याच गल्लीतला. बचत गटातली एखादी बाई बरोबर असेल तर दार लवकर उघडते. वेळ संध्याकाळी साडेसहा ते आठ. प्रत्येक घराला पाच मिनिटे. पत्रक नको. ते वाचले जात नाही आणि दुसऱ्या दिवशी सुक्या कचऱ्यात येते.

हातात एक टोपली न्या. तिच्यात दहा वस्तू ठेवा: केळ्याची साल, चहाचा चोथा, दुधाची रिकामी पिशवी, बिस्किटाचे वेष्टण, कागदी चहाचा कप, नारळाची शेंडी, अंड्याची टरफले, टूथपेस्टची ट्यूब, जुना सेल, तेलकट वर्तमानपत्र. सुरुवात अशी करा: “काकू, गाडी तुमच्याकडे किती वाजता येते? तेव्हा तुम्ही घरात असता का?” आधी त्यांचे ऐका, ते वहीत लिहा. मग टोपली पुढे करा: “हे दहाच जिन्नस आहेत. तुम्हीच सांगा, कशात काय टाकाल?” चुकेल तिथेच बोला. लहान मुले घरात असतील तर टोपली त्यांच्या हातात द्या.

गोंधळ ठरलेल्या वस्तूंवर होतो. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे तो ओल्यातही जात नाही आणि रद्दीतही जात नाही. धुऊन किंवा निथळवून सुक्यात टाकायचा. तेलकट वर्तमानपत्र रद्दीवाला घेत नाही, पण फाडून ओल्यात चालते. नारळाची शेंडी ओल्यात, करवंटी मात्र वेगळी, कारण ती कुजायला फार वेळ लागतो. टूथपेस्टची ट्यूब सुक्यात.

घरात नियम एवढाच सांगा: ओल्याला एक झाकणाचा डबा, आत प्लास्टिकची पिशवी न घालता, आणि बाकी सगळ्या कोरड्या वस्तूंसाठी एक मोठी गोणी. ओल्यात प्लास्टिक गेले नाही, तर पुढची बहुतेक कामे सोपी होतात. ‘पिशवी नाही तर डबा घाण होतो’ ही तक्रार प्रत्येक दारात येईल. तळाला वर्तमानपत्राचा अर्धा कागद घाला आणि डबा रिकामा झाल्यावर तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्याने खळखळवा, एवढे सांगितले की ती मिटते.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कामगाराला न उघडता कळते. पुण्यात ही पद्धत वापरली गेली आहे. फुटकी काच जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर ‘काच’ लिहायचे. सेल, ट्यूबलाइट, जुनी औषधे, रंगाचे डबे, मोबाइलच्या बॅटऱ्या एका खोक्यात महिनाभर साठवा आणि ठरलेल्या दिवशी एकत्र द्या. फुगलेली किंवा चेपलेली मोबाइल बॅटरी गाडीत दाबली गेली तर पेट घेते. ती टेपने दोन्ही टोके झाकून वेगळी ठेवा.

घरोघर वर्गीकरण करणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून प्रत्येकाची कायदेशीर जबाबदारी आहे, हेही सांगा, पण शेवटी आणि एका वाक्यात. कायद्याने बोलणे सुरू केले की दार अर्धे बंद होते.

चौथ्या, नवव्या आणि अठराव्या दिवशी पुन्हा जायचे. दुसऱ्या आठवड्यात उत्साह हमखास ओसरतो आणि तिसरी भेट चुकली की घरे गळायला लागतात. पहिल्या आठवड्यात निम्मी घरे मिळाली तरी काम बरोबर चालले आहे असे समजा. शेवटची पाच-सात घरे सहा महिने येणार नाहीत. त्यांच्यावर शक्ती घालवू नका.

सुक्या कचऱ्याचे पैसे कसे होतात

‘रिसायकलिंग’ हा शब्द लोकांना लांबचा वाटतो, पण भंगारवाला आणि रद्दीवाला दारावर पिढ्यान्‌पिढ्या येतो आहे. तो काय घेतो आणि काय घेत नाही, हे गल्लीला माहीत झाले की गोणीतला कचरा निम्म्यावर येतो. गल्लीतल्या एका कोरड्या, छपराखालच्या जागेत पाच गोण्या टांगा: कागद-पुठ्ठा, कडक प्लास्टिक (बाटल्या, डबे, मोडक्या बादल्या), स्वच्छ मऊ प्लास्टिक (दुधाच्या आणि किराणा पिशव्या), धातू, काचेच्या अखंड बाटल्या.

भाव रोज बदलतात, पण तत्त्व बदलत नाही: स्वच्छ, कोरडे आणि एकाच जातीचे असेल तर भाव, मिसळलेले असेल तर फुकट. भिजलेला पुठ्ठा जवळजवळ मातीमोल होतो. बाटलीचे बूच वेगळ्या प्लास्टिकचे असते. बाटल्या चेपून घ्या, जागा निम्मी लागते. दुधाची पिशवी कापताना टोक पूर्ण तोडू नका, चिकटलेलेच राहू द्या. तो तुटलेला त्रिकोण इतका बारीक असतो की कोणी वेचत नाही आणि तो थेट गटारीत जातो. पिशवी पाण्याने एकदा खळखळून दोरीवर वाळवली की ती विकली जाते.

वेफर्स, बिस्किटे, शॅम्पू, मसाला यांच्या चकचकीत पुड्या भंगारवाला घेत नाही. त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनिअमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करता येत नाहीत. या पुड्या एका बाटलीत किंवा पिशवीत दाबून महापालिकेच्या सुक्या कचऱ्यातच द्या. थर्माकोलचेही तसेच. याचा अर्थ एवढाच की घरातल्या सामानात अशी पुडी जितकी कमी येईल तितके बरे, आणि किराणा दुकानदाराशी सुट्या मालाबद्दल बोलणे हा या कामाचाच भाग आहे. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर देशभर बंदी आहे. दुकानदाराला ते माहीत असते, गिऱ्हाईक पिशवी मागते हीच त्याची अडचण असते. दुकानात पंचवीस-तीस कापडी पिशव्या ठेवा, दहा रुपये अनामत घ्या, परत आणली की पैसे परत.

विक्रीचे पैसे कोणाला, हे आधीच ठरवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात भांडण होते. आमचे मत स्पष्ट आहे: त्या भागात आधीपासून कचरा वेचून पोट भरणारी बाई किंवा कुटुंब असेल, तर गोण्या वेगळ्या करण्याचे काम आणि पैसे त्यांनाच द्यावेत. त्यांना कागद, प्लास्टिक हाताच्या स्पर्शाने ओळखता येते. त्यांची कमाई काढून घेऊन गल्लीची वर्गणी भरणे योग्य नाही.

ओल्याचे खत: चार हौदांचा हिशोब

चार माणसांच्या घरात रोज साधारण ६०० ते ८०० ग्रॅम ओला कचरा निघतो. ४० घरे धरली तर २५ ते ३० किलो. यासाठी ४ बाय ४ फूट आणि ३ फूट उंचीचे जाळीदार विटांचे चार हौद पुरतात. प्रत्येक थरात विटांच्या मध्ये हवेसाठी मोकळी जागा सोडायची, जशी नाडेप हौदात असते. पुसदच्या पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाकांनी शेतासाठी काढलेली ही रचना इथे लहान आकारात वापरायची. विटांच्या फटींना आतून बारीक जाळी लावा, नाहीतर उंदीर घुसतात. वर पत्र्याचे छप्पर, खाली मातीचीच जमीन.

एक हौद भरायला सुमारे वीस दिवस लागतात, कारण कचरा कुजताना बसत जातो. चौथा भरेपर्यंत पहिला भरून साठ दिवस झालेले असतात आणि तो रिकामा करता येतो. म्हणून हौद चार हवेत. दोन बांधले तर दुसऱ्या महिन्यात कचरा ठेवायला जागा राहत नाही आणि अर्धवट कुजलेला माल बाहेर काढावा लागतो. गल्लीतल्या खतखड्ड्यांवर लोक चिडतात त्यामागे बहुधा हेच असते.

तळाला अर्धा फूट काड्या. तासगाव, पलूसकडच्या द्राक्षबागांची छाटणी झाली की त्या ढिगाने मिळतात आणि खालून हवा खेळती ठेवतात. रोज ओला कचरा पसरला की त्याच्या आकारमानाइतकाच कोरडा माल वर टाका. कुजण्यासाठी कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण २५ ते ३० ला एक असे लागते आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र व पाणी जास्त असते. कोरड्या मालाची आपल्याकडे कमतरता नाही: भुईमुगाची टरफले, वाळका पाला, लाकडाचा भुसा, आणि गळीत हंगामात उसाचे पाचट. पाचट दोन-तीन इंचांचे तुकडे करूनच वापरा. लांब पाने एकमेकांत गुंतून चटई होते आणि हवा अडते. फेब्रुवारी-मार्चमधल्या पानगळीचा पाला जाळू नका. तारेच्या जाळीचा तीन फुटी गोल पिंजरा करून त्यात साठवा, तो पावसाळाभर पुरतो. कचरा जाळण्याला बंदी आहेच, शिवाय आपण आपला कोरडा माल जाळत असतो.

विरजण म्हणून आठवड्यातून एकदा बादलीभर पाण्यात शेणाची पाटी कालवून किंवा आंबट ताक घालून शिंपडा. विकतच्या कल्चरची, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंच्या पुडीची, गरज नाही. जुन्या हौदातले दोन पाट्या खत नव्या हौदात टाकले की पुरे. आठवड्यातून एकदा दाताळ्याने वरचा फूटभर थर हलवा. लोखंडी गज मध्यभागी पाच मिनिटे खुपसून काढा. तो हाताला चांगला गरम लागला तर कुजणे नीट चालले आहे. मूठभर माल दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत, धार येऊ नये.

बिघाड ओळखायला सोपे असतात. सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी: कोरडा माल टाकून हलवा. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त, कोरडा माल कमी पडतोय. मुंग्या झाल्या तर माल वाळला आहे, पाणी शिंपडा. पांढऱ्या अळ्या दिसल्या की लोक घाबरतात. त्या खत कुजवण्यातच मदत करतात, वर दोन इंच पाला टाकला की दिसेनाशा होतात. उंदीर आले तर शिळे अन्न, हाडे आणि तेलकट पदार्थ उघडे पडले आहेत. ते मध्यभागी गाडून झाका. काहीच होत नसेल, महिन्यानंतरही साली तशाच असतील, तर तुकडे मोठे आहेत किंवा माल कोरडा आहे.

तयार खत काळे, भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. थोडे ओलसर खत पिशवीत तोंड बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर दुर्गंधी आली तर अजून पंधरा दिवस थांबा. १०० किलो ओल्यापासून चाळून १५ ते २० किलो खत हाती येते. पहिला घाणा गल्लीतल्या प्रत्येक घराला किलो-किलो वाटा. वर्गीकरणाला सहा महिने नाही म्हणणारी घरे कुंडीत ते खत पडल्यावर डबा वेगळा करू लागतात.

जागा नसेल तर घरात २० लिटरच्या बादल्या वापरा: बाजूला आणि तळाला ६ ते ८ मिलिमीटरची भोके, तळाला दोन इंच नारळाच्या शेंड्या, रोजच्या कचऱ्यावर दोन मुठी भुसा किंवा पाला. एक भरली की दुसरी.

टपऱ्या, मंडळे, कार्ये

रस्त्यावरच्या पेट्या जिथे कचरा तयार होतो तिथेच लावायच्या: चहाच्या गाड्याला लागून, भेळ-भडंगच्या गाडीजवळ, बसथांब्यावर. पंधरा पावलांवरची पेटी कोणी वापरत नाही. पेटी ४० ते ५० लिटरची, खांबावर उलटी करता येईल अशी, आणि तोंड १५ ते २० सेंटिमीटरच असलेली घ्या. तोंड मोठे असेल तर सकाळी तिच्यात घरगुती पिशव्या ठासलेल्या मिळतात आणि पेटीचाच कोंडाळा होतो. रात्री ती रिकामी करण्याची जबाबदारी टपरीवाल्याची, असे आधी बोलून ठेवा. काचेचा ग्लास वापरणाऱ्या चहावाल्याकडे गल्लीने जाणूनबुजून जावे.

लग्न, बारसे, मंडळाचा महाप्रसाद यांसाठी भांड्यांची सोय करा. १५० ताटे, २०० वाट्या, १५० पेले, तेवढेच चमचे, चार मोठी पातेली. बचत गटाकडे ठेवून अनामत घ्या, मोजून द्या, मोजून घ्या. पाण्यासाठी २० लिटरचे जार आणि पेले, बाटल्या नकोत. परवाना नसलेल्या जागी शंभराच्या वर माणसे जमणार असतील तर घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे किमान तीन कामकाजाचे दिवस आधी महापालिकेला कळवावे लागते. निर्माल्यातले दोरे, प्लास्टिकची फुले आणि चकाकी काढून बाकी थेट हौदात टाका.

दंड हा शेवटचा उपाय. तो महापालिकेने करावा, गल्लीने नव्हे. कचरा टाकणाऱ्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकू नका. तो माणूस पुन्हा टाकतोच, फक्त रात्री दोनला.

पुराची तयारी

सांगलीत हे वेगळे लिहावेच लागते. गटारी आणि नाले प्लास्टिकने तुंबले की पावसाचे पाणी घरात येते, आणि शेरी नाल्यातून जे वाहते ते कृष्णेतच जाते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गल्लीतल्या गटारींची तोंडे मोकळी करून प्रत्येक तोंडावर एक इंच गाळ्याची जाळी बसवा. पावसाळ्यात दर आठवड्याला ती उपसा, नाहीतर जाळीच तुंबते.

खताचे हौद पूरपट्ट्यात बांधू नका. गावभागासारख्या सखल ठिकाणी घरगुती बादल्याच बऱ्या, त्या वर नेता येतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. सुक्या कचऱ्याच्या गोण्या पाणी ३५ फुटांवर चढू लागले की विकून किंवा हलवून मोकळे व्हा. सेल, रंग, औषधांचे खोके त्याही आधी वरच्या मजल्यावर न्या.

पूर ओसरल्यावर गाद्या, भिजलेले धान्य, मोडके फर्निचर आणि चिखल एकाच ढिगात येतो आणि तेव्हा ओला-सुका करायला कोणाच्या अंगात त्राण नसते. तरी एक करा: धान्य आणि अन्न वेगळ्या ढिगात, काच व विजेची उपकरणे वेगळ्या, आणि ढीग गटारीच्या तोंडापासून किमान दहा फूट लांब. धान्याचा ढीग पहिल्या दिवशी उचलून घ्यायचा, बाकीचे दोन दिवस थांबले तरी चालते.